पुसलेला टॅग दुसरबीडला बोलतो

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानत नाही. "आधी मानत नव्हते, आता मानते" अशातलंही हे नाही... आजही मानत नाही. आमचं घर बौद्ध, वडील शाळेत मास्तर. बावीस प्रतिज्ञा आमच्या बैठकीत काचेच्या फ्रेममध्ये लावलेल्या आहेत. गल्लीत कोणाच्या अंगात आलं की बाबा आम्हाला हाताला धरून बघायला न्यायचे आणि हळूच सांगायचे, "डोळे कुठं फिरून राह्यले, नीट पाहा." त्यामुळे खाली कोणी लिंबू, धूप, शांती सुचवायला येणार असेल तर त्याने आत्ताच दुसऱ्या कोणाचा अनुभव वाचायला जावं. माझं डोकं आधीच फिरलेलं आहे.

मी धाडची, जिल्हा बुलढाणा. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीसाठी घरूनच काम करते. आमची कंपनी दूध संकलन केंद्रांसाठी मशीन बनवते. माणसाने भांडं काट्यावर ठेवायचं, मशीन लिटर आणि फॅट मोजतं आणि मोठ्याने बोलून सांगतं. मशीनच्या आत तळहाताएवढा एक कॉम्प्युटर असतो, त्याला आम्ही बोर्ड म्हणतो.

माझ्यासोबत मोना होती. दुसरबीडची, माळवं म्हणजे भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. तीही घरूनच काम करायची. आमच्या दोघींची कामाची एक पद्धत होती आणि ती समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून दोन मिनिटं सहन करा.

आमचा प्रोग्राम एका बंद डब्यात भरून कंपनीच्या गोदामात ठेवायचा. त्या डब्याला इमेज म्हणतात, गोदामाला रजिस्ट्री, आणि डब्यावर जे नाव चिकटवतात तो टॅग. पण पुण्यातला मोठा सर्व्हर आणि मशीनमधला छोटा बोर्ड, दोघांची जात वेगळी. एकाचा डबा दुसऱ्याला चालत नाही. म्हणून सर्व्हरचा डबा मी धाडला भरायचे, बोर्डाचा डबा मोना दुसरबीडला भरायची, तेही तिच्या घरच्या एका जुन्या बोर्डावर, आणि मग दोन्ही डबे एकाच टॅगमागे लावून द्यायचो. मागणारा जो असेल त्याला त्याचा डबा मिळतो. बाहेरून बघणाऱ्याला मात्र एकच नाव दिसतं.

मशीनचा आवाज मोनाचा होता. पुण्याने वाक्यं लिहून पाठवली होती – "कृपया भांडे व्यवस्थित ठेवावे" वगैरे. मोना म्हणाली, "असं कोण बोलते बे? म्हशीसुद्धा दूध देणार नाहीत." आणि तिने आपल्या मनाने रेकॉर्ड केलं. "भांडं नीट ठेवा." "झालं, सरका पुढे." काट्यावर रिकामं भांडं ठेवलं तर पुण्याचं वाक्य होतं, "वजन शून्य आहे." मोनाने केलं, "रिकामं भांडं काऊन आणलं?" आमच्याकडे 'का'ला काऊन म्हणतात. लोक हसायचे. काही जण तेवढ्यासाठी मुद्दाम रिकामं भांडं ठेवून बघायचे. सर्व्हरला बोलायची गरज नसल्यामुळे हा आवाज फक्त मोनाच्या डब्यात होता. हे लक्षात ठेवा.

गेल्या वर्षी मोना डेंगूने गेली. आठवडाभरात. सव्वीस वर्षांची मुलगी, भांडखोर, हसरी, कोणाला न भिणारी. मी त्याबद्दल इथे लिहिणार नाही, मला जमत नाही.

महिनाभरात कंपनीने कुरिअरवाला पाठवून तिचा लॅपटॉप परत मागवला आणि पुसून दुसऱ्याला देऊन टाकला. आवाजाच्या मूळ फाइल्स त्यातच होत्या. मोठ्या फाइल्स कोडच्या साठ्यात टाकायच्या नाहीत हा नियमही कंपनीचाच. म्हणजे तिचा आवाज उरला तो फक्त रजिस्ट्रीतल्या त्या डब्यात आणि गावोगावच्या मशीनमध्ये.

मग आमच्या मॅनेजरने, त्याला अद्वैत सर म्हणू, नवीन आवाज विकत घेतला. प्रमाण भाषेतला, गोड. मीटिंगमध्ये तो हसत म्हणाला, "ते 'काऊन काऊन' आता बंद करूया, क्लायंटला फार गावठी वाटतं." मोनाला जाऊन तेव्हा किती दिवस झाले होते हे त्याला माहीत होतं. बाकीचे पण हसले. माझा माइक बंद होता, नाहीतर नोकरी तेव्हाच गेली असती.

सगळ्या सेंटरना नवीन व्हर्जन जाणार होतं. नवीन आलं की मशीन जुनं आपोआप पुसतं. मी अद्वैत सरांना स्वतंत्र फोन करून एकच गोष्ट मागितली. दुसरबीडच्या सेंटरला जुन्याच टॅगवर राहू द्या. कारण मोनाची आई, सुमनकाकू, रोज संध्याकाळी तिथे दूध घालायला यायची आणि मशीनपाशी थांबायची. काकूंकडे बटणांचा साधा फोन. मोना कायम घरीच राहणारी, त्यामुळे आईला कधी व्हॉइस मेसेज पाठवायचा प्रश्नच आला नव्हता. मुलीचा आवाज जगात एका ठिकाणी शिल्लक होता आणि ते ठिकाण म्हणजे दूध सेंटर.

अद्वैत सर म्हणाले, "ऑफ कोर्स. तो टॅग ठेवूया. आय प्रॉमिस." त्या दिवशी मला तो माणूस बरा वाटला होता.

मग या उन्हाळ्यात दुसरबीडला व्होल्टेज एकदम वाढलं आणि सेंटरचा बोर्ड जळाला, आतल्या मेमरी कार्डासकट. सेंटरचे सचिव सुभाषभाऊ यांनी मला फोन केला. मी म्हटलं काळजी नको, जुना टॅग रजिस्ट्रीत आहे, नवा बोर्ड घेऊन येते. जायच्या आधी मी माझ्याकडच्या दुसऱ्या एका बोर्डावर चाचणी घेतली. टॅगचं नाव दिलं, इमेज मागितली. उत्तर आलं – सापडत नाही.

पुन्हा मागितली. सापडत नाही. लॅपटॉपवरून मागितली, तरी तेच.

रजिस्ट्री उघडून बघते तर टॅग जागेवर. आतले दोन्ही डबे गायब. मला संताप आला. काय झालं होतं सांगते. त्या दोन डब्यांना स्वतःचं नाव नसतं, नुसता एक लांबलचक आकडा असतो. नाव असतं ते त्यांच्या पुढच्या टॅगला. अद्वैत सरांनी रजिस्ट्रीचं बिल कमी करायला एक स्क्रिप्ट चालवली होती – ज्याला नाव नाही ते सगळं उडवा. त्यावर परत झाडूही मारून घेतला होता, म्हणजे डिस्कवरूनही साफ. मी लावला फोन.

"सर, दुसरबीडचा टॅग उडवला तुम्ही."

"छे! समोर दिसतोय ना मला. टॅग ठेवतो म्हटलं होतं, ठेवलाय."

"टॅग हाय, आत काहीच नाही. पाटी ठेवली तुम्ही अन् घर पाडलं!" रागात माझं बोलणं गावाकडचं होतं, ते त्याला आवडत नाही हे मला माहीत आहे.

"अगं, जे उडालं ते अनटॅग्ड होतं. बेवारस."

"बेवारस?"

"टेक्निकली म्हणतोय, वैशाली. इमोशनल होऊ नकोस. नवीन व्हर्जन टाक आणि विषय संपव."

मी काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते, ते उठून आत आले आणि पाण्याचा ग्लास माझ्या पुढ्यात ठेवून निघून गेले. बेवारस! तिची आई जिवंत आहे, बाप जिवंत आहे, मी जिवंत आहे.

परत आणायचा काही मार्ग नव्हता. मी सगळे प्रयत्न केले, रजिस्ट्री सांभाळणाऱ्या माझ्या मैत्रिणीनेही केले. शेवटी ठरवलं, नवीन व्हर्जन टाकायचंच आहे तर स्वतः जाऊन टाकू आणि काकूंना स्वतःच्या तोंडाने सांगू. फोनवर सांगायची हिंमत नव्हती. कोऱ्या कार्डावर फक्त मशीनची चालू करायची व्यवस्था भरली. सेंटरची सेटिंग सेंटरवरच बदलायची अशी आमची पद्धत, त्यामुळे कार्डात नाव जुन्याच टॅगचं राहिलं. मशीन सुरू झालं की रजिस्ट्रीला विचारतं, इमेज मिळाली तर चालतं, नाही मिळाली तर चालत नाही. हा भाग मी स्वतः लिहिलेला आहे. त्यात पळवाट नाही.

धाडहून चिखली, चिखलीहून देऊळगाव राजा, पुढे सिंदखेड राजाहून जीप. दुपारी उन्हाची पोचले. सेंटर म्हणजे रस्त्यालगतचा एक गाळा, पुढे पत्र्याचं छप्पर, बाजूला टायरचं दुकान. संध्याकाळच्या दुधाला वेळ होता. मी बोर्ड बसवला, इंटरनेटचं डोंगल लावलं, वीज दिली. आता ते जुना टॅग मागणार, "सापडत नाही" म्हणणार आणि गप्प बसणार, तेवढ्यात आपण काकूंशी बोलून घेऊ असा हिशोब केला. त्या लवकर आल्या होत्या. बाहेरच्या बाकड्यावर बरणी मांडीत घेऊन बसल्या होत्या.

सुभाषभाऊ आतून माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ताई, एक सांगू का? त्यांची म्हैस आटून लई दिवस झाले. गल्लीतून लिटरभर दूध इकत घेते अन् इथं आणून घालते. मी काही बोलत नाही."

हे ऐकून मी बाहेर गेले. जाताना मला अद्वैत समोर हवा होता, एवढंच सांगते.

"काकू," मी त्यांच्या शेजारी बसले, "एक वाईट गोष्ट सांगाची हाय."

"सांग ना व माय."

"मशीनमधी मोनाचा आवाज होता... तो गेला. आमच्याच हापिसातल्या माणसानं पुसला. मी लई भांडली, पण मले तो आणता येत नाही. आता दुसरी बाई बोलीन."

 बरणीच्या कडीवर काकूंचा अंगठा फिरत राहिला. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते, टायरच्या दुकानाकडे बघत बसले.

आणि आतून आवाज आला, "भांडं नीट ठेवा."

मोनाचा. तोच, थोडा नाकातला, घाईतला. सुभाषभाऊंनी सहज पाणी भरलेला कॅन काट्यावर ठेवून बघितला होता.

काकू माझ्याकडे वळल्या. त्यांच्या तोंडावर आनंद नव्हता, राग होता. "काऊन व पोरी? असं खोटं काऊन सांगतं? बोलून तर राह्यली!"

त्या उठल्या, आत गेल्या, दूध घातलं. "झालं, सरका पुढे," मोना म्हणाली. काकू सरकल्या नाहीत. मागे कोणी नव्हतंच.

मी बाकड्यावरच बसून राहिले. भीती नाही वाटली. खरं सांगते, पहिल्यांदा रागच आला – माझ्या कामावर. मला वाटलं माझंच कुठेतरी चुकलं, कार्ड कोरं नसणार. लॅपटॉप काढला आणि तपासायला लागले. बोर्डाच्या नोंदीत स्वच्छ लिहिलेलं होतं की टॅग मागितला, मिळाला, डबा उतरवून घेतला, सुरू केला. डब्याचा आकडा तोच, मोनाच्या शेवटच्या बिल्डचा, म्हणजे तिने शेवटी भरलेल्या डब्याचा, मला त्याची सुरुवात पाठ आहे. त्याच डोंगलवरून, त्याच जागी बसून, लॅपटॉपवरून तोच आकडा मागितला. सापडत नाही. माझा सर्व्हरचा डबा मागितला, तोही नाही. पुण्यात मैत्रिणीला फोन करून रजिस्ट्रीच्या बाजूने बघायला लावलं. ती म्हणाली, "दुसरबीडच्या मशीनकडून आज एकही मागणी आलेली नाही. तुझ्या लॅपटॉपच्या दिसतायत. बोर्डाची नाही."

मग मला वाटलं, मोनाच्या घरचा जुना बोर्ड! तो कुठेतरी चालू असेल आणि तिथून डबा येत असेल. तडक काकूंसोबत त्यांच्या घरी गेले. बोर्ड लोखंडी पेटीत होता, मोनाच्या ओढणीत गुंडाळलेला, वायर वेगळी. काकूंनी मला तो हातात घेऊ दिला आणि मग परत घेऊन तसाच गुंडाळून ठेवला.

डब्याची कॉपी मी घेतली. हो, लगेच घेतली, मूर्ख नाही मी. धाडला येऊन तशाच दुसऱ्या बोर्डावर चालवली. प्रोग्राम चालतो. आवाजाच्या सगळ्या फाइल्स आहेत, नावं आहेत, लांबी बरोबर आहे... आणि ऐकायला गेलं तर शांतता. स्पीकर बदलला, बोर्ड बदलला. काही नाही. सेंटरवर मशीन बोलताना मी फोनमध्ये रेकॉर्ड केलं, ते मात्र नीट आलं. मी मोठ्या आशेने ते काकूंना ऐकवलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि फोन माझ्या हातात परत दिला.

"हे रेकाडिंग हाय," त्या म्हणाल्या. "ते मले बोलते."

अद्वैत सरांना मी सगळं कळवलं. उत्तर आलं, "कॅशे असणार." कॅशे म्हणजे आधी उतरवून ठेवलेली कॉपी. कोऱ्या कार्डात कसला कॅशे? मग म्हणाले, सविस्तर कारण लिहून दे. मी लिहिलं, कारण माहीत नाही, आणि मागच्या सगळ्या तपासण्या जोडल्या. त्यावर त्यांनी लिहिलं की हे अनप्रोफेशनल आहे, आणि त्याच दिवशी राहिलेला टॅगसुद्धा रजिस्ट्रीतून काढून टाकला. आता पाटीही नाही. परत झाडू मारला. मला मेसेज केला, "प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड. पुढच्या रीस्टार्टला नवीन व्हर्जन टाकावंच लागेल."

रीस्टार्टची वाट बघावी लागली नाही. उन्हाळा आहे, आमच्याकडे लाइट रोज जाते. दुसऱ्याच दिवशी गेली, आली, मशीन बंद होऊन सुरू झालं. मी फोनवर होते. सुभाषभाऊंनी काट्यावर पाण्याचा कॅन ठेवला.

"भांडं नीट ठेवा."

"बोलली ताई," सुभाषभाऊ म्हणाले, एकदम साध्या आवाजात. त्यांना यात नवल वाटेनासं झालं आहे. सेंटरवर कोणालाच वाटत नाही. त्या दिवसापासून लाइट किती वेळा गेली, प्रत्येक वेळी मशीन नसलेला टॅग मागतं, त्याला नसलेला डबा मिळतो, आणि रजिस्ट्रीला त्याचा पत्ता नाही.

ऑफिसमध्ये ही गोष्ट पसरली. एकीने मला पूजा सुचवली. एकाने विचारलं, "तिची काही इच्छा राहिली होती का?" मी म्हटलं, हो, पगारवाढ राहिली होती. अशा लोकांचाही मला अद्वैतइतकाच राग येतो. मोना असती तर त्यांना तिने उभं केलं नसतं. ती पोरगी बिल्ड चुकलं तर रात्रीचं जेवण टाकायची, तिला तुम्ही भूत करता?

आता कंपनीचं म्हणणं असं की माणूस पाठवून ते मशीनच काढून आणायचं, म्हणजे पुण्यात बसून नीट तपासता येईल. म्हणून तर हे लिहायला बसले. मागच्या आठवड्यात मी सुभाषभाऊंना हे सांगायला दुसरबीडला गेले होते. संध्याकाळची वेळ, दूधवाल्यांची गर्दी ओसरली होती. काकू आल्या. मी त्यांच्या हातातली बरणी घ्यायला गेले तर ती हलकी लागली.

"दूध नाही भेटलं आज," त्या म्हणाल्या. "गल्लीतली म्हैसही आटली." आणि बरणी त्यांनी तशीच काट्यावर ठेवली.

"रिकामं भांडं काऊन आणलं?" मोना म्हणाली.

गेले कित्येक महिने काकूंनी हे वाक्य ऐकलं नव्हतं. कारण इतके दिवस त्या कधी रिकाम्या हाताने आल्याच नव्हत्या, विकत घेऊन का होईना, दूध घेऊनच आल्या होत्या. त्या काट्यावर वाकल्या.

"तुलेच भेटाले आली व," म्हणाल्या. "आता दूध कुठून आणू रोज?"

मशीन त्यावर काही बोललं नाही. बोलणारही नाही, तसं वाक्यच रेकॉर्ड केलेलं नाही. आता काकू रोज रिकामी बरणी आणतात. मोना रोज विचारते, काकू रोज उत्तर देतात, आणि बरणी उचलून घरी जातात. सुभाषभाऊ त्यांना रांगेत कधी थांबवत नाहीत.

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. ज्यांना रजिस्ट्रीतलं कळतं त्यांनी जरूर लिहावं, शिव्या दिल्या तरी चालतील. पण मला माहीत आहे तुमच्यातला कोणीतरी हुशार पहिल्यांदा काय विचारणार – बोर्डातला डबा पुसून परत का नाही मागवून बघितला? बरोबर आहे. तीच एक खरी तपासणी आहे. मीही दुसऱ्या कोणाला तेच सांगितलं असतं, बाबांनीही तेच शिकवलं आहे. एका ओळीची कमांड आहे, ती मी त्या गाळ्यात लॅपटॉपवर टाइप करून बसलेसुद्धा होते. समोर काकू रिकामी बरणी घेऊन उभ्या होत्या.

मी ती ओळ खोडली. माणूस पाठवायचाच असेल तर अद्वैत सरांनी स्वतः यावं, रस्ता मी वर लिहिलेला आहे. मशीनची वायर काढायच्या आधी काकूंची बरणी काट्यावर ठेवावी, आणि मोना जे विचारते त्याचं उत्तर द्यावं.